एफ आणि सीआर उत्तराच्याच गाठीला बांधा

बेळगावच्या उद्यमबागेत आमच्या फाउंड्रीत हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉड्या ओततात. रायझरचा (गोठताना जास्तीचा धातू पुरवणाऱ्या पोकळीचा) व्यास, उंची, गेटची (धातू साच्यात शिरतो त्या वाटेची) रुंदी असे ६ आकडे मी ठरवतो. आत पोकळी राहायला नको आणि धातूही वाया जायला नको. हे आकडे मी डिफरन्शियल इव्होल्युशनने शोधतो: उत्तरांचा एक समूह घ्यायचा, दर पिढीत प्रत्येक उत्तरापासून (बापापासून) एक नवं पोर घडवायचं आणि दोघांतलं चांगलं ते ठेवायचं. एक उत्तर तपासायच्या सिम्युलेशनला ७ मिनिटं लागतात. ३० उत्तरं आणि २० पिढ्या म्हणजे ६०० सिम्युलेशन, ७० तास! त्या पद्धतीतला एफ हा आकडा ०.५ बरा की ०.८, हे बघायला पुन्हा ७० तास कोण देणार? मालक तर नाहीच.

स्टॉर्न आणि प्राइस यांच्या डिफरन्शियल इव्होल्युशनमध्ये एफ म्हणजे दोन उत्तरांतल्या फरकाला गुणायचा आकडा आणि सीआर म्हणजे नव्यातले किती घटक उचलायचे त्याची शक्यता. ब्रेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेल्या जेडीई या तिच्याच सुधारित प्रकारात प्रत्येक उत्तर स्वतःचे एफ-सीआर घेऊन फिरतं. दोन्ही आकडे दर वेळी ०.१ शक्यतेने, एकमेकांवर अवलंबून न राहता, नव्याने काढायचे: एफ ०.१ ते १ मध्ये, सीआर ० ते १ मध्ये.

क्रम चुकवू नका. आधी नवे एफ-सीआर काढा, त्यांनीच पोर घडवा, पोर जिंकलं तरच ते ठेवा. हरलं तर बापाचे जुनेच. मी निवड झाल्यावर आकडे बदलत होतो. म्हणजे कमावलं एकाने आणि नाव दुसऱ्याचं. आलेख आठवडाभर नुसता डुलत होता आणि मी मात्र ‘शिकायलंय की’ म्हणून खूश.

खरी अडचण पुढेच आहे. ०.१ शक्यता म्हणजे २० पिढ्यांत एका उत्तराचा एफ सरासरी दोनदाच बदलणार. एवढ्यात काय शिकणार? खर्च मोजूनमापून असेल तर २०१३ च्या शेड या प्रकाराकडे वळा. तिथे यशस्वी एफ-सीआर सामाईक स्मृतीत जातात आणि ज्याने जास्त सुधारणा केली त्याला वजन जास्त. एकाचं शहाणपण सगळ्यांना मिळतं. २०१४ च्या एल-शेडमध्ये समूह १८ गुणिले चलांची संख्या इतक्यापासून सुरू होऊन हळूहळू ४ वर येतो. माझ्या ६ चलांना ते १०८ होतात. पहिल्या पिढीतच साडेबारा तास! मी ३० पासूनच सुरू करतो.

आधी मिलिसेकंदात सुटणाऱ्या चाचणी-फलांवर (उत्तर आधीच माहीत असलेल्या गणिती सूत्रांवर) तपासा, पण रास्ट्रिगिन या एकाच फलावर भाळू नका. त्यातली चलं सुटी सुटी असल्याने लहान सीआर उगाच हुशार दिसतो. चलं एकमेकांत गुंततील असं फल फिरवा, किमान बिंदू शून्यावरून हलवा, यादृच्छिक आकड्यांच्या ३० वेगवेगळ्या बीजांनी चालवा आणि मध्यक बघा. एखादं मूल्य हद्दीबाहेर गेलं तर त्याला थेट हद्दीवर चिकटवू नका. हद्द आणि बापाचं मूल्य यांच्या मधोमध ठेवा.

दर पिढीनंतर समूह फाइलीत लिहा, एफ-सीआर आणि स्मृतीसकट. मी नुसती उत्तरं लिहीत होतो. पावसाळ्यात एका रात्री लाईट गेली, सकाळी पुन्हा चालू केलं, तर उत्तरं सगळी जागेवर आणि एफ परत ०.५ वर.