हॉस्पिटलचा बेड घरी आणण्याआधी टेप हातात घ्या

हिला, म्हणजे माझ्या बायकोला, उजव्या अंगाचा लकवा झाला. १२ दिवसांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण साध्या पलंगावर ठेवू नका. मी बेस्टच्या वर्कशॉपमध्ये ३० वर्षं फिटर होतो, लोखंडाची वस्तू बघून मला तिचे गुणदोष कळतात. तरीही पहिला बेड मी चुकीचा आणला आणि त्रास हिला झाला. तुमच्या घरी तसं होऊ नये म्हणून लिहितो आहे.

आमची लालबागची चाळ, तिसरा मजला, लिफ्ट नाही. खोली १० बाय १२. दुकानदाराला फोन करण्याआधी चार मापं कागदावर लिहा. दाराची चौकट, जिन्याचं वळण, खोलीतली मोकळी जागा, आणि पेशंट खुर्चीत बसला असता गुडघ्यामागून जमिनीपर्यंतची उंची. हे चौथं माप कोणी घेत नाही. हिचं भरलं १६ इंच. पहिल्या बेडची उंची गादी धरून २६ इंच होती, म्हणजे काठावर बसवलं की पाय लोंबकळायचे. पाय जमिनीला सपाट टेकले नाहीत तर माणूस उठायला जोर कुठून आणणार? दुसऱ्यांदा मी चाकं नसलेला, पायांना रबरी बूट असलेला बेड मागितला आणि गादी पातळ घेतली. एवढ्याशा खोलीत बेड फिरवायचा तरी कुठे? मोटरने अख्खा खाली येणारा बेड परवडत असेल तर तो घ्या, हा प्रश्न बराचसा सुटतो.

बेड साधारण साडेसहा फूट लांब, तीन फूट रुंद असतो. डोक्याकडची आणि पायाकडची फळी निघते, पण मधली फ्रेम दोन तुकड्यांत सुटते का ते आधी विचारा. आमची अखंड होती, जिन्याच्या वळणावर अडकली. शेवटी दोर बांधून गॅलरीतून वर ओढली.

एका हँडलचा तो सेमी फॉलर, त्यात फक्त पाठ उचलते. दोन हँडलच्या फुल फॉलरमध्ये गुडघेही उचलतात. पेशंट अंथरुणाला खिळलेला असेल तर दोन हँडलचाच घ्या. पाठ आधी उचलली की माणूस खाली घसरतो, कंबरेखालची कातडी चादरीला घासते आणि तिथेच बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात होते. म्हणून आधी गुडघे थोडे वर, मग पाठ. जेवताना पाठ चांगली उभी हवी आणि जेवणानंतरही अर्धा तास तशीच ठेवायची, नाहीतर घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. एरवी, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, ३० अंशांच्या वर नको.

मोटरचा बेड घेतलात तर वीज गेल्यावर तो हाताने खाली करता येतो का, हे दुकानातच करून बघा. मुंबईत वीज जात नाही असं आपण धरून चालतो, पण १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्खं शहर बंद पडलं होतं. प्लग थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा, एक्स्टेन्शन बोर्डावर नको.

भाड्याचा बेड असेल तर पेशंटला झोपवण्याआधी पाठ पूर्ण उचला आणि दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून खाली दाबा. आपोआप उतरायला लागली तर आतला स्क्रू झिजलाय. बेड परत पाठवा. भाडं, डिपॉझिट आणि ने-आणीचा खर्च तिन्ही वेगवेगळे विचारा. रुग्णसाहित्य देणाऱ्या ट्रस्टांकडेही चौकशी करा, पण तिथल्या बेडचीही हीच परीक्षा घ्या.

आता हिच्या हाताचं सांगतो. पहिल्या बेडला चाकं होती, ब्रेक नीट धरत नव्हते. दुकानदाराने ३६ इंचाच्या फ्रेमवर ३३ इंचाची गादी दिली होती. मी म्हटलं, तीन इंचांनी काय होतंय. उजवी बाजू भिंतीकडे होती. रात्री बेड सरकला, गादी डावीकडे गेली आणि हिचा उजवा हात रेलिंग आणि गादीच्या मधल्या फटीत उतरला. त्या हाताला जाणीव नाही, त्यामुळे हिने हाक मारली नाही. पहाटे मी बघितलं तेव्हा मनगट काळंनिळं झालं होतं.

हात होता म्हणून निभावलं. डोकं किंवा मान अडकली तर जीव जातो. औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी अमेरिकेची सरकारी संस्था, एफडीए, हिने २००६ मध्ये बेडच्या फटींची मापं सुचवली. डोकं जाऊ नये म्हणून रेलिंगच्या दांड्यांमधली आणि रेलिंग-गादीमधली फट १२० मिलिमीटरपेक्षा कमी हवी. ही शिवणकाम करायची, तिच्याच टेपने मी सगळ्या फटी मोजल्या. मोजताना गादीचा काठ दाबा, कारण वजन पडलं की फट वाढते. हाताला याहून कमी जागाही पुरते, म्हणून गादी फ्रेमच्या मापाचीच घ्या. बेडसोअर टाळायला वर हवेची गादी टाकलीत तर रेलिंगची उंची तेवढी कमी होते, म्हणून ती टाकल्यावर पुन्हा मोजा. आणि ज्याला भ्रम होतो, जो रात्री उठून चालू लागतो, त्याला रेलिंगमध्ये कोंडू नका. तो रेलिंगवरून चढतो आणि जास्त उंचावरून पडतो. त्यापेक्षा बेड खाली ठेवा आणि जवळ कुणीतरी झोपा.

हवेची गादी आहे म्हणून कूस बदलणं सुटत नाही. दर दोन तासांनी, दिवसा हिला सांभाळायला येणाऱ्या मावशी, रात्री मी गजर लावून. टाचांखाली नाही, पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. रेक्झिनवर मुंबईच्या दमट हवेत पाठ भिजते, म्हणून वर सुती चादर, आणि ओली झाली की लगेच बदला.

बेडची डावी, धड बाजू दाराकडे मोकळी ठेवली आहे. उठताना ती डाव्या हाताने आधार घेते, आणि पडल्या पडल्या गॅलरीतून येणारी-जाणारी माणसं बघते. झोपण्याआधी दोन्ही हँडलं आत दुमडतो, रात्री पायाला लागू नयेत म्हणून. मग रेलिंगच्या कडेने बोटं फिरवून फट तपासतो आणि देव्हाऱ्यातली छोटी घंटी सुतळीने डाव्या रेलिंगला, तिच्या हाताजवळ बांधतो.