जुन्या डॉस संगणकासाठी मोफत अँटिव्हायरस कसा पारखावा

विदर्भातील तालुक्याच्या गावी एखाद्या जिनिंगच्या वजनकाट्यावर, पतसंस्थेच्या मागच्या खोलीत किंवा लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात डॉस या विंडोजपूर्वीच्या कार्यप्रणालीवर चालणारा ३८६, ४८६ किंवा सुरुवातीचा पेंटियम संगणक अजूनही कामावर असू शकतो, कारण जुनी खतावणी फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅममध्ये असते आणि तो प्रोग्रॅम लिहून देणारा माणूस केव्हाच गाव सोडून गेलेला असतो. अशा संगणकासाठी मोफत अँटिव्हायरस निवडताना बहुतेक जण तो किती हजार व्हायरस ओळखतो हा आकडा पाहतात. माझ्या मते हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा. आपल्या यंत्रावर, आपल्या फ्लॉप्यांवर तो खरे सांगतो का आणि व्हायरस सापडल्यावर आपल्या हिशेबाचे नुकसान न करता थांबतो का, हे आधी पाहावे.

प्रथम ‘मोफत’ म्हणजे काय ते वाचून घ्यावे. आइसलँडच्या फ्रिडरिक स्कुलासन यांचा एफ-प्रॉट डॉससाठी मोफत होता, पण घरगुती वापरापुरता. संस्थेला परवाना घ्यावा लागे. मॅकॅफीचा स्कॅनर शेअरवेअर होता, म्हणजे आधी वापरून पाहावा आणि ठेवायचा असेल तर पैसे भरावेत अशी त्याची रीत होती. १९९३ मध्ये एमएस-डॉस ६ सोबत आलेला एमएसएव्ही हा अँटिव्हायरस सेंट्रल पॉइंट या कंपनीकडून घेतलेला होता. तो यंत्रात आधीपासून असतो एवढ्याच कारणाने त्यावर विसंबू नये. त्याची व्हायरस-यादी कोणत्या तारखेची आहे हे पाहावे. यादी जुनी असणे हा मात्र दरवेळी दोष नसतो. डॉस संगणकाला आज जो व्हायरस लागेल तो बहुधा कपाटातल्या जुन्या फ्लॉपीतूनच येईल, त्यामुळे डॉस आवृत्तीची सर्वांत शेवटची यादी मिळाली तर ती पुरेशी ठरण्याची शक्यता चांगली असते.

पारखण्याचे खरे काम स्वच्छ बूट फ्लॉपीपासून, म्हणजे संगणक जिच्यावरून सुरू करता येतो अशा व्हायरसमुक्त फ्लॉपीपासून, सुरू होते, आणि याच ठिकाणी सर्वाधिक हयगय होते. लाहोरमध्ये तयार झालेला १९८६ चा ब्रेन व्हायरस ३६० केबी फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या पहिल्या भागात, बसत असे आणि कोणी तो सेक्टर वाचू लागले की मूळ, निर्दोष सेक्टरच पुढे करत असे. असा व्हायरस मेमरीत जागा असताना कितीही चांगला स्कॅनर चालवला तरी तो ‘काही आढळले नाही’ असेच सांगू शकतो, आणि त्यात स्कॅनरचा दोष नसतो. म्हणून खात्रीच्या दुसऱ्या संगणकावर फ्लॉपी फॉरमॅट करून तिच्यावर डॉसच्या सिस्टिम फाइली आणि स्कॅनर उतरवून घ्यावा व लगेच फ्लॉपी लेखनबंद करावी. साडेतीन इंची फ्लॉपीत सरकती पट्टी हलवून छिद्र उघडे ठेवले की लेखन बंद होते. सव्वापाच इंचीत याच्या उलट, कडेची खाच चिकटपट्टीने झाकावी लागते. त्यानंतर संगणकाची वीज पूर्ण बंद करून थोड्या वेळाने सुरू करावी. कंट्रोल-आल्ट-डिलीट पुरेसे नाही. १९९० मध्ये भारतात आढळलेला आणि ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ टाइप करायला लावणारा जोशी व्हायरस तशा रीस्टार्टनंतरही मेमरीत टिकून राहत असे.

यानंतर आयकार चाचणी घ्यावी. आयकार ही ६८ अक्षरांची निरुपद्रवी मजकूर-फाइल असून ती व्हायरस असल्याप्रमाणे दाखवायची, असे अँटिव्हायरस बनवणाऱ्यांनी आपसांत ठरवलेले आहे. ती हाताने टाइप करायची झाल्यास तिसरे चिन्ह इंग्रजी मोठे ओ अक्षर आहे, शून्य नव्हे, हे लक्षात ठेवावे आणि फाइलचा शेवट कॉम या विस्ताराने करावा. पुढे तीच फाइल झिप करून, मग झिपमध्ये पुन्हा झिप करून पाहावी. स्कॅनर किती खोलवर जातो ते त्यावरून कळते. एवढ्याने स्कॅनर चालू आहे इतकेच सिद्ध होते, त्याची गुणवत्ता नव्हे, आणि बूट सेक्टरची तपासणी तर यात मुळीच होत नाही. खरा व्हायरस मिळवून चाचणी घेण्याच्या फंदात मात्र कोणीही पडू नये.

खोट्या इशाऱ्यांची परीक्षाही तितक्याच काळजीने घ्यावी. डॉसची मूळ फ्लॉपी, हिशेबाचा प्रोग्रॅम आणि मराठी टाइप करण्यासाठी मेमरीत बसणारा कीबोर्ड प्रोग्रॅम यांवर स्कॅनर चालवावा. कीबोर्डच्या हालचाली मध्येच अडवणारे असे निर्दोष प्रोग्रॅम अंदाजाने शोध घेणाऱ्या पद्धतीला संशयास्पद वाटू शकतात. दोन स्कॅनर लागोपाठ चालवायचे असतील तर मध्ये संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण पहिल्याने मेमरीत मागे ठेवलेल्या व्हायरसच्या खुणा दुसऱ्याला खऱ्या वाटतात. ज्या कार्यालयात वर्ड फाइली येतात तिथे ‘सर्व फाइली’ हा पर्याय निवडावा. कन्सेप्ट हा वर्डचा मॅक्रो व्हायरस (म्हणजे दस्तऐवजातील छोट्या आज्ञांमध्ये लपणारा) १९९५ चा असल्याने त्याआधीच्या स्कॅनरकडून तशा फाइलींबाबत काहीच अपेक्षा ठेवता येत नाही.

आता दुरुस्तीकडे वळू. इथे मी फार आग्रहाने सांगेन: पहिल्या तपासणीत दुरुस्तीचा पर्याय बंद ठेवावा, स्कॅनरला फक्त अहवाल देऊ द्यावा. मंकी व्हायरस हार्ड डिस्कचा मूळ मास्टर बूट रेकॉर्ड (डिस्कचा पहिला भाग, ज्यात तिच्या विभागणीची नोंद असते) सांकेतिक रूपात दुसरीकडे हलवून ठेवतो. अशा वेळी कोणाच्या तरी सल्ल्याने एफडिस्क या डॉसच्या डिस्क-विभागणी प्रोग्रॅमने बूट रेकॉर्ड नव्याने लिहिला तर डिस्क दिसेनाशी होते. १९९४ चा वनहाफ तर डिस्कच्या शेवटाकडून थोडा थोडा भाग सांकेतिक करत पुढे सरकतो, आणि त्याची किल्ली व्हायरसमध्येच असल्याने आधी उलगडा न करता व्हायरस पुसला तर तेवढी माहिती हातची जाते. म्हणून स्कॅनर निवडताना या दोघांबद्दल त्याच्या माहिती-फाइलीत काय लिहिले आहे ते वाचावे. ‘काढतो’ एवढेच लिहिलेले असेल आणि ‘माहिती परत मिळवतो’ असे नसेल तर तो दुरुस्तीसाठी वापरू नये. दुरुस्तीपूर्वी खतावणीच्या फाइलींची प्रत कोऱ्या फ्लॉप्यांवर घ्यावी आणि भारनियमनाचे वेळापत्रक पाहून, यूपीएस असेल तरच काम हाती घ्यावे. बूट सेक्टर लिहिला जात असताना वीज गेली तर व्हायरसने केले नसते इतके नुकसान होऊ शकते.

दुसरा मोफत मार्गही उपलब्ध आहे. क्लॅमएव्ही हा मुक्त स्रोत स्कॅनर आजही अद्ययावत होतो, पण त्याच्या यादीलाच एक जीबीहून अधिक मेमरी लागते, म्हणून तो ४८६ वर चालणार नाही. आयडीई जोडणीची हार्ड डिस्क काढून ती यूएसबी जोडणीने लिनक्स असलेल्या नव्या संगणकाला जोडावी, केवळ वाचनासाठी चढवावी (माउंट करावी) आणि मग तपासावी. त्याहून जुन्या एमएफएम प्रकारच्या डिस्क या जोडणीला लागत नाहीत. शिवाय अशा प्रकारे चढवलेल्या डिस्कवरील फाइली तपासल्या जातात, बूट सेक्टर तपासला जात नाही. तेवढ्यासाठी डॉसवरचा स्कॅनर लागतोच. मी दोन्ही मार्ग वापरण्याच्या बाजूचा आहे.

निवडलेल्या स्कॅनरचे नाव, आवृत्ती, यादीची तारीख आणि आयकार चाचणीचा निकाल संगणकाजवळच्या वहीत लिहून ठेवावा. हार्ड डिस्क स्वच्छ निघाल्यावर कपाटातील प्रत्येक फ्लॉपी, अगदी ‘रिकामी’ म्हणून बाजूला ठेवलेलीसुद्धा, तपासून घ्यावी, कारण बूट सेक्टर रिकाम्या फ्लॉपीलाही असतो.