उशी, कुशन, बीन बॅग: आत काय भरावं, किती भरावं

दुकानात हाताने दाबून ‘मऊ आहे’ म्हणत भरण निवडू नका. तळहाताने दोन-तीन किलोचा दाब पडतो, बसणारा माणूस सत्तर किलोचा असतो. ठरवायच्या गोष्टी दोनच: त्यावर भार किती येणार, आणि त्याला ऊन दाखवता येणार का.

1. आधी उन्हाचं बघा

साधारण 65 टक्के आर्द्रतेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी हवेतून ओढून धरतो. पॉलिएस्टर फायबर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. ठाण्यात आणि खाडीलगतच्या वाशी-ऐरोलीत पावसाळाभर हवा याहून कितीतरी ओली असते. म्हणून कापसाची उशी जुलैत जड होते, वास मारते आणि तिच्यात गोळे होतात. सोसायटीची गच्ची उघडी असेल, ऑक्टोबर ते मे महिन्यातून एकदा दिवसभर ऊन देता येत असेल, दोन-तीन वर्षांनी पिंजून घ्यायची तयारी असेल, तरच कापूस घ्या. गच्चीला कायम कुलूप असलेल्या टॉवरमध्ये कापसाचा हट्ट नको.

सावरीचा कापूस हलका आणि रेशमासारखा गुळगुळीत असतो. त्याचा तंतू आतून पोकळ आणि बाहेरून मेणचट असतो, त्या मेणामुळे त्यात पाणी सहजी मुरत नाही. येऊरच्या जंगलात उन्हाळ्यात उडताना दिसतो तोच. यात साध्या कापसाची भेसळ सर्रास होते. चिमूटभर घेऊन वात वळून बघा. साध्या कापसाची वात घट्ट वळते, सावरीचा तंतू निसटत राहतो. खोळ मात्र घट्ट विणीची शिवा, नाहीतर घरभर म्हाताऱ्या उडतील.

2. उशा आणि शोभेची कुशन

इथे फायबर घ्या, फार विचार करू नका. पोकळ तंतूचं, सिलिकॉन लावलेलं पांढरं फायबर मागा. दुकानात बहुतेक जण त्याला रेक्रॉनच म्हणतात. मूठ दाबून सोडली की ते लगेच फुललं पाहिजे. मध्ये रंगीत धागे दिसले तर ते चिंध्या पिंजून केलेलं आहे, परत करा. 17 × 27 इंचाच्या उशीला 700 ते 900 ग्रॅम लागतं. कुशीवर झोपणाऱ्याला जास्त, पोटावर झोपणाऱ्याला कमी. याच मापात सावर सुमारे एक किलो जाते, साधा कापूस दीड किलोच्या आसपास. कुशनचं कव्हर 16 इंची असेल तर आतली खोळ 18 इंची शिवा आणि 500 ते 600 ग्रॅम भरा. फायबर हाताने मोकळं करून आधी चारही कोपरे भरायचे, मग मधला भाग.

वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना कुठलीच उशी देऊ नका, मोहरीचीही नाही.

3. बैठकीचा फोम: इथेच पैसे बुडतात

सोफा, दिवाण, खिडकीतला कट्टा यांवर रोज बसायचं असेल तर फायबर दबतं, तिथे फोमच हवा. फोम विकला जातो डेन्सिटीवर, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. डेन्सिटी 32 म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन 32 किलो. रोजच्या बैठकीला 32, भारी माणसांच्या किंवा सतत वापरातल्या बैठकीला 40, पाठीला 23 पुरे. बैठकीला 23 घातलात तर लवकरच बूड फळीला टेकेल. कमी डेन्सिटीत माल कमी, फोममधल्या हवेच्या बारीक कप्प्यांच्या भिंती पातळ. रोजच्या दाबाने त्या मोडतात आणि आपली दमट हवा ते काम आणखी लवकर उरकते.

गुलाबी म्हणजे चांगला, निळा म्हणजे कडक, या समजुतीला काही अर्थ नाही. तो निव्वळ रंग आहे. कडकपणा म्हणजे डेन्सिटी, हेही चूक. एकाच 32 मध्ये मऊ आणि कडक दोन्ही मिळतात.

तपासायचा भरवशाचा उपाय वजनकाटा. लांबी, रुंदी, जाडी इंचात मोजा, तिन्हींचा गुणाकार करा, त्याला डेन्सिटीने गुणा आणि 61,000 ने भागा. येतं ते किलोतलं वजन. 24 × 24 × 4 इंचाचा तुकडा 32 चा असेल तर 1 किलो 200 ग्रॅम भरला पाहिजे, 40 चा असेल तर दीड किलो. 32 सांगून दिलेला तुकडा 870 ग्रॅम भरला तर तो 23 चा आहे, बोलणंच खुंटलं. उल्हासनगरच्या बाजारातून आणा नाहीतर कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडून, टेप सोबत न्या आणि वजनाआधी जाडी मोजा. चार इंची म्हणून साडेतीन इंची तुकडा गळ्यात पडला तर सगळा हिशेब चुकतो.

वजन बरोबर आलं तरी थांबा. वजन वाढवायला फोममध्ये खडूसारखी भुकटी मिसळतात. तसा फोम काट्यावर पास होतो आणि बैठकीत नापास. कापलेली कड काळ्या कापडावर घासा. पांढरी पूड पडली तर नको. कोपरा दुमडून दहा सेकंद चिमटीत दाबा. सोडल्यावर तो ताबडतोब सरळ व्हायला हवा. घडी राहिली किंवा कण सुटले तर नको. मग फळीवर ठेवून दहा मिनिटं बसून बघा. दुकानदार घाई करत असेल तर दुसरं दुकान शोधा.

फोम कव्हरच्या मापापेक्षा अर्धा इंच मोठा कापून घ्या आणि वरून फायबर शीट गुंडाळा, कव्हर ताठ बसतं. फोमला ऊन मात्र दाखवू नका. उन्हाने तो पिवळा पडतो आणि भुगा होतो. भिजला तर सावलीत, पंख्याखाली उभा करून वाळवा.

4. बीन बॅग

नवे, गोल, एकसारखे थर्मोकोलचे दाणे घ्या. जुनं थर्मोकोल दळून केलेले वेडेवाकडे तुकडे लवकर चपटे होतात. एक्सएक्सएल बॅगला दोन ते अडीच किलो लागतात. पाऊण भरली की थांबा, ठासून भरलेली बॅग अंगाला वळण घेत नाही. दाणे दबत जातात, म्हणून वर्षभराने अर्धा किलो टाकावे लागतात.

भरायचं काम न्हाणीघरात, पंखा बंद करून. दाण्यांच्या पिशवीचं तोंड आतल्या खोळीच्या तोंडात घालून चिकटपट्टीने घट्ट गुंडाळा, मगच उलटी करा. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत दाणे हाताला चिकटतात. ओला हात फिरवला की सुटतात. या बॅगेजवळ थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, थर्मोकोल त्यात विरघळतं. आणि घरात लहान मूल असेल तर चेनचा ओढायचा दट्ट्या काढून टाका: मूल आत शिरलं किंवा दाणे नाकातोंडात गेले तर श्वास अडकतो. पुढे दाणे भरायची वेळ आली की पेपरक्लिप अडकवून चेन उघडता येते.