कॅल्क्युलसचं गणित अडलं, तर विचारायचं कसं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं होतं, "सर, इंटिग्रेशन काहीच कळत नाही." ते म्हणाले, "वही दाखव." वही कोरी होती. अशा प्रश्नाला कुणी उत्तर देणार तरी काय?

तर जाण्याआधी पहिलं काम: प्रश्न जसाच्या तसा उतरवून घ्या, लिमिट्ससकट (म्हणजे इंटिग्रेशन कुठून कुठपर्यंत करायचं, ते दोन आकडे). मग येतंय तिथपर्यंत सोडवा, चुकलं तरी चालेल, पण खोडू नका. चुकलेली ओळच तर दाखवायची आहे.

एक उदाहरण घेऊ. एक्स गुणिले (एक्सचा वर्ग + १) चा घन, याचं ० ते २ इंटिग्रेशन. कंसाला यू मानलं, एक्स डीएक्सच्या जागी अर्धा डीयू आला, इंटिग्रेशन झालं यूचा चौथा घात भागिले ८. इथवर सगळं बरोबर. त्यात ० आणि २ घातले, उत्तर आलं २. पुस्तकात मात्र ७८!

लगेच फोन उचलू नका. आधी उत्तर पटतंय का ते पाहा. एक्स १ असताना या फंक्शनची किंमत ८ आहे आणि पुढे ती वाढतच जाते, २ ला थेट २५० होते. इंटिग्रेशन म्हणजे आलेखाखालचं क्षेत्रफळ, आणि नुसत्या १ ते २ या पट्ट्यातच ते ८ च्या वर जातं. मग एकूण २ येईलच कसं? आता तुमचा प्रश्न असा झाला: "यू घेतल्यावर शेवटच्या ओळीत लिमिट्सचं काय करायचं?" याला अर्धा मिनिट लागतो. लिमिट्सही यूच्या हव्यात, १ आणि ५. ६२५ वजा १, भागिले ८: ७८.

पुष्कळदा अडतं ते कॅल्क्युलस नसतंच. अपूर्णांक, लॉगचे नियम, नाहीतर दहावी-अकरावीची ट्रिग्नॉमेट्री. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर राहिल्याने चुकलेली उत्तरंही मी भरपूर पाहिली आहेत. तेव्हा अडलेल्या ओळीशेजारी "बीजगणित की कॅल्क्युलस?" एवढं लिहून ठेवा.

आता विचारायचं कुणाला? आधी शेजारच्या बाकावरच्या मित्राला, मग सरांना किंवा मॅडमना. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल, तर नुसता प्रश्नाचा फोटो टाकून "प्लीज सॉल्व्ह" लिहू नका. स्वतःच्या पानाचा फोटो टाका आणि अडलेल्या ओळीवर गोल करा.

लाज वाटत असेल, तर एक जुनी गोष्ट. आपण ज्याला बिनधास्त "एल-हॉस्पिटल रूल" म्हणतो, त्या लोपिताल साहेबांनी १६९४ मध्ये योहान बर्नुली या गणितज्ञाला वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊ करून त्याच्याकडून कॅल्क्युलसची मदत घेतली. १६९६ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक काढलं आणि नियमाला नाव लागलं लोपितालांचं. तुमचं काम एका कटिंग चहात भागतंय.

फोटो काढला की पूर्ण उत्तर देणारी अ‍ॅप्स मी शेवटी ठेवतो. त्यातल्या पायऱ्या वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं आणि परीक्षेत पेन हलत नाही. त्यापेक्षा जिओजेब्रा किंवा डेस्मॉसवर आलेख काढून पाहा. लिमिट्स नसलेलं इंटिग्रेशन असेल, तर उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घ्या. मूळ प्रश्न परत आला की गणित बरोबर, विचारायलाही नको.

मदत मिळाली की वही मिटा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या कागदावर तेच गणित सोडवा आणि मग त्यात एक आकडा बदला. वरच्याच उदाहरणात खालची लिमिट ० ऐवजी उणे २ करा. यूच्या दोन्ही लिमिट्स ५ येतील आणि उत्तर शून्य. फंक्शन तर शून्य नाही, मग क्षेत्रफळ गेलं कुठे? आलेख काढा. तरीही अडलात, तर उद्या केबिनमध्ये न्यायला प्रश्न तयार आहे.