फुलं आणि धबधब्यांचा एक दिवसाचा ट्रेक : या चुका टाळा

दरवर्षी मे महिन्यात कोणीतरी विचारतंच, "सुट्टी आहे, कर्जत साइडला धबधबा आणि रानफुलं असा एखादा ट्रेक सुचव ना." अरे बाबा, मे मध्ये तिथे करपलेलं गवत आणि धबधब्याच्या जागी कातळावर नुसता काळा ओघळ असतो. धबधबे जुलैत भरात येतात, फुलांना ऑगस्टचा उत्तरार्ध उजाडतो, दोन्ही हवं तर गणपतीच्या आगेमागे जायचं. तेव्हा उतार तेरड्याने गुलाबी आणि सोनकीने पिवळे झालेले असतात. तेही पुढच्या महिन्यावर ढकलू नका, तेरड्याचा रंग तीन दिवस उगाच नाही म्हणत. आणि कारवीचा हट्ट नको, ती सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बोरिवलीच्या नॅशनल पार्कात २०१६ ला फुललेली, मग थेट २०२४ ला.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. सकाळी ओढा घोट्याएवढा होता म्हणजे संध्याकाळीही तेवढाच असणार, हे धरून चालणं. कर्जतजवळच्या एका ओढ्यावर (नाव सांगत नाही, पुढच्या रविवारी तिथे जत्रा भरेल) आम्ही सहाजण सकाळी एका धोंड्यावर बसून बूट काढून पलीकडे गेलो, चार वाजता परत आलो तर तो धोंडाच दिसेना. आमच्याकडे पावसाचा थेंब नव्हता, पण वर घाटमाथ्यावर धो धो चालू होता आणि पाणी चहासारखं झालेलं. एकाने बॅगेतून कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढली, मीही मूर्खासारखा टोक धरायला पुढे झालो, तेवढ्यात पलीकडून गुरं घेऊन आलेले काका ओरडले, "नाय उतरायचं, बसा तिथंच!" बसलो. सव्वादोन तास. पाणी ओसरलं तसा आधी धोंड्याचा माथा दिसला, मग काका बोलले आता या, आणि पुढे अंधारात चिखल तुडवत स्टेशन गाठलं, घरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

तेव्हापासून माझी सवय म्हणजे जाताना पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून त्याचा फोटो काढायचा, आणि दुपारी दोनला जिथे असेन तिथून मागे फिरायचं, माथा दहा मिनिटांवर असला तरी. धबधब्याखाली भिजताना पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज बदलला की "एक लास्ट फोटो" न म्हणता बाहेर. २०२४ च्या जून अखेरीस लोणावळ्यात भुशी डॅमच्या मागे एकाच कुटुंबातली माणसं अशीच वाहून गेली, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला आणि पुढच्या वीकेंडला परत तेच.

दुसरं, फुलांत लोळून रील काढणारे. सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, माती जेमतेम बोटभर असते, बरीचशी फुलं एका पावसाळ्याची असतात, बी पडायच्या आत तुडवली की पुढच्या वर्षी तिथे काय उगवणार? तसंही उभ्याने तुम्हाला फक्त पिवळं गालिचा टाइप काहीतरी दिसतं. मळलेल्या वाटेवरच गुडघ्यावर बसा, मग सीतेची आसवं दिसतील, बोटभर उंचीची, निळी-जांभळी, आणि गंमत म्हणजे कीटकभक्षी, ओल्या मातीतल्या बारीक पिशव्यांनी किडे गिळणारी. मी एका जागी वीस मिनिटं बसतो, ग्रुपवाले वैतागतात, वैतागू देत.

बाकी किरकोळ. जीन्स नको, भिजली की दोन किलोची होते. गुळगुळीत तळव्याचे जॉगिंगचे शूज शेवाळावर साबण होतात. जळू ओढून काढू नका, नखाने अलगद सोडवा. निघायच्या आदल्या दिवशी बंदीचा आदेश आहे का बघा, पावसाळ्यात बरेच धबधबे बंद असतात. परतीची शेवटची एसटी किंवा टमटम किती वाजता ते सकाळी उतरतानाच विचारा, नेट बघून नाही, टपरीवाल्याला. आणि कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून न्या, नाहीतर परतीच्या लोकलमध्ये तुमच्या चिखलाला टेकून उभा राहणारा मीच असतो.