इन्व्हर्टर घ्यायला निघण्याआधी

चवथीला गावच्या घरी सगळे जमले, की नेमकं माडाचं चुडत तारेवर पडतं आणि वीज जाते. म्हणून ही खरेदी पाऊस लागायच्या आधीच उरकायची.

काय काय चालवायचं ते कागदावर लिहून त्यापुढे वॉट मांडा. दिवे, मोबाइल, राउटर किरकोळ. जुना पंखा सत्तर-पंचाहत्तर वॉट, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) तीसेक. फ्रिज मात्र फसवतो. चालताना दीडशे वॉट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट ओढतो, तो झटका इन्व्हर्टरला झेपला पाहिजे. विहिरीचा पंप यादीत घालूच नका. आणि इन्व्हर्टरच्या डब्यावर असतात ते व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर), वॉट नव्हेत; ९०० व्हीएला सातशेच्या आसपास वॉट धरा.

इन्व्हर्टरची वेव्ह साइनच हवी, म्हणजे खांबावरच्या विजेसारखी गुळगुळीत. चौकोनी वेव्हचा स्वस्त पडतो, पण पंखा गुरगुरतो आणि भजनाच्या स्पीकरमधून घूं घूं येत राहतं.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली की आयुष्य घटतं, शिवाय इन्व्हर्टर स्वतःही थोडं खातो. दीडशे वॉटवर पाचेक तास मिळाले तर बरं समजा. गाडीची जुनी बॅटरी पडून आहे म्हणून जोडू नका. ती इंजिन सुरू करण्यापुरती असते, खोल उतरवली की मरते.

आता केबल. बॅटरी ते इन्व्हर्टर ही केबल. ही कुणी विचारत नाही, दुकानदार आपणहून सांगत नाही. २३० व्होल्टवर ६०० वॉट म्हणजे जेमतेम अडीच अँपिअर. तेच १२ व्होल्टच्या बाजूने पन्नासच्या वर जातात. घरात पडलेली अडीच एमएमची (चौरस मिलिमीटर जाडीची) वायर तीन मीटर ओढलीत, तर व्होल्टमीटर बॅटरीच्या टोकांना साडेबारा दाखवतो आणि इन्व्हर्टरच्या टोकांना सव्वादहा. इन्व्हर्टर टीं टीं करत बंद. मग भरलेल्या बॅटरीला शिव्या घालायच्या, नवी आणायची, ती वायर तशीच! केबल हवी तांब्याची, निदान १६ एमएमची, एक-दीड मीटरच्या आत, लग्ज (टोकाला बसवायच्या धातूच्या कड्या) नीट दाबलेले. बॅटरी पडवीत आणि इन्व्हर्टर माजघरात असलं काही करू नका, पुन्हा केबल लांबते. बॅटरीच्या प्लसजवळच फ्यूज घाला. पैसे कमी पडले तर इन्व्हर्टर लहान घ्या, केबल बारीक नको.

बाकी पटकन. चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, बंद कपाटात बॅटरी ठेवू नका, समईपासूनही लांब. टर्मिनलांना व्हॅसलिन, आपल्याकडच्या खाऱ्या हवेत महिन्याभरात हिरवं धरतं. बॅटरीत पाणी घालायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. जोडणी वायरमनकडूनच, इन्व्हर्टरचा प्लग भिंतीच्या सॉकेटात उलटा घालून घरात वीज सोडली तर ती तारेतून बाहेर जाते आणि खांबावर चढलेला लाइनमन मरेल. बिलावर तारीख आणि शिक्का घ्या.