लॅटिनमधलं ‘देणं’ देवनागरीत कसं शिकावं

नात स्पॅनिश शिकते. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या ओटीवर बसून ती ‘दोय, दास, दा’ (मी देतो, तू देतोस, तो देतो) घोकत होती. जन्मभर शाळेत संस्कृत शिकवलेली मी, गप्प कशी बसणार? म्हटलं, आधी आजीबाई पाठ कर, नाती आपोआप येतील.

आजीबाई म्हणजे लॅटिन. कोशात ‘देणं’ या क्रियापदाची चार रूपं देतात: दो (मी देतो), दरे (देणं), देदी (मी दिलं), दतुम् (दिलेलं). चारही एका दमात म्हणा.

मग वर्तमानकाळ वहीत लिहा, आणि देवनागरीतच लिहा: दो, दास्, दत्, दमुस्, दतिस्, दन्त्. रोमन लिपीत नुसतं बघून ‘अ’चा उच्चार ह्रस्व की दीर्घ ते कळत नाही. आपल्याकडे काना आहे की नाही, एवढंच बघायचं. ‘प्रेम करणं’ या क्रियापदाचं ‘अमामुस्’ होतं, इथे मात्र ‘दमुस्’. खोड इथेच आहे. वर्तमानकाळातलं ‘दास्’ आणि आज्ञार्थातलं ‘दा’ सोडले तर या दोन्हींत ‘द’ला काना द्यायचा नाही.

शेजारी संस्कृतमधले ददासि, ददाति लिहा. ‘देदी’समोर ‘ददौ’ ठेवा: दोन्हीकडे धातूचं द्वित्व, म्हणजे ‘द’ दोनदा. पण म्हणून संस्कृत ही लॅटिनची आई, असं म्हणू नका. माझ्या भिशीत हा वाद दर महिन्याला होतो. या दोन भाषा चुलत बहिणी.

‘दतुम्’ म्हणजे आपलं ‘दत्त’. वडोदऱ्याच्या माणसाला हे समजवायला नकोच. कवळाण्याचे गोपाळराव 1875 मध्ये दत्तक आले आणि सयाजीराव झाले. दत्तक म्हणजे दिलेला. ‘दतुम्’चं अनेकवचन ‘दत’ (शेवटचा ‘अ’ही ह्रस्वच), तोच संगणकातला डेटा. जुन्या पत्रांवर ‘अमुक गावी, अमुक दिवशी दिलं’ असं लिहीत, त्या ‘दिलं’वरून इंग्रजीतली ‘डेट’ आली.

आता नाती बघा. इटालियनमध्ये अजून ‘दारे’च आहे, भूतकाळी ‘दिएदी’. स्पॅनिशमध्ये ‘दार’, तिथे ‘दामे’ म्हणजे ‘मला दे’. नातीने ते लगेच लिल्या (ओलसर) चिवड्याच्या डब्यावर वापरून पाहिलं.

फ्रेंचमध्ये मात्र ‘दरे’ शोधत बसू नका, ते गळालं. तिथलं ‘दोने’ हे ‘दोनुम्’च्या, म्हणजे आपल्या ‘दान’च्या, घरातलं.